दोन इंच सावली

चाळीस वर्षांत मी बरीच माणसं कापली. त्यात मेव्हणे जास्त, त्याखालोखाल भाऊ, आणि दोन-तीन जावई. एका बाईनं तर लग्नाचा फोटो आणून स्वतःलाच कापायला सांगितलं. फोटो सासूच्या खोलीत लागणार होता आणि "मी तिच्या भिंतीवर राहणार न्हाई, कापा मला" असं तिचं म्हणणं. कापली. नवऱ्याच्या खांद्यावर तिची चार बोटं तेवढी राहिली, ती काही निघेनात. ती बोटं त्या भिंतीवर अजून असतील.

परभणीत माझं फ्रेमचं दुकान आहे. देवांचे फोटो, गेलेल्यांचे फोटो, पोरांची सर्टिफिकिटं आणि पुढाऱ्यांना द्यायची सन्मानपत्रं, एवढ्यावर ते चालतं. चित्रं फार थोडी येतात. लोकांना वाटतं, चार पट्ट्या तिरप्या कापून जोडल्या की फ्रेम झाली. तसं नाही. पुढं काच, तिच्यामागं चित्र, चित्रामागं पुठ्ठ्याची पाठ, तिला बारीक खिळे आणि वरून खाकी टेप. चित्र आणि पाठ यांच्यात फट राहिली तर आतला कागद हलतो, म्हणून त्या फटीत आम्ही हाताला लागेल तो कागद सारतो. त्याला पॅकिंग म्हणतात. तुमच्या घरातल्या दत्ताच्या पाठीशी एखाद्या अनोळखी माणसाची लग्नपत्रिका असू शकते. कुणी उघडून बघत नाही, म्हणून आमचं चालतं. हे पॅकिंगचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मला हे काम उस्मानभाईंनी शिकवलं. त्यांचा नियम एकच होता. "कागज कू हात नक्को लगा रे, लकडी कू लगा." म्हणजे माप चुकलं तर पट्टी कापायची, चित्र कापायचं नाही. उस्मानभाई गेल्यावर मी त्यांचा फोटो दुकानात लावला आणि नियम त्या फोटोमागं सारून दिला.

माझ्या चुका मी स्वतःच सांगत फिरतो. दोन भावांची तोंडं सारखी होती, त्यातला थोरला वारला, तर मी धाकट्याचा फोटो मोठा करून, कुंकवाचा टिळा लावून, चंदनाचा हार घालून पाठवून दिला. दहाव्याला तो बिचारा स्वतःपुढं हात जोडून उभा. नंतर दुकानात आला. मला वाटलं, आता मार खायचा. तर म्हणाला, "मी इतका चांगला दिसतो हे मला जिवंतपणी कुणी सांगितलं न्हाई. दोन्ही फोटो द्या." असल्या गोष्टी मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगतो आणि लोक हसतात. एक गोष्ट मात्र टपरीवर कधी सांगितली नाही. ती आठवली की राग येतो. आधी इतरांचा येतो, मग फिरून माझ्यावर येतो, मग मला तो पुन्हा ढकलून इतरांकडं न्यावा लागतो.

देशमाने बाई झरीच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. रिटायर होऊन परभणीत राहायला आल्या. काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी, आणि बोलणं असं की समोरच्यानं वही उघडून बसावं. त्या जलरंगात स्थिरचित्रं काढतात. म्हणजे वस्तू मांडायच्या आणि उजेड हलायच्या आत त्या कागदावर उतरवायच्या. त्यांच्या चित्रांत एक पितळी तांब्या असतोच. पोटाला पोचा पडलेला. शाळेत तीसेक वर्षं त्यांनी पोरांपुढं हाच तांब्या ठेवला. मला म्हणाल्या, "एकही पोरगं पोचा काढत नव्हतं, विठ्ठलराव. सगळे बुजवून, चकचकीत करून काढायचे. मी म्हणायचे, अरे, दिसतंय ते काढा. तर म्हणायचे, बाई, तांब्या असा नसतो."

जलरंगातली एक गोष्ट मला त्यांनीच सांगितली. यात पांढरा रंग लावत नाहीत. जिथं उजेड दाखवायचा तिथं कागद कोरा सोडायचा. एकदा तिथं रंग गेला की गेला, मग उजेड परत आणता येत नाही. तांब्याच्या पोटावर करंगळीच्या नखाएवढी जागा त्या कोरी सोडतात आणि त्या जागेमुळं सगळा तांब्या पितळेचा होतो. मी जवळ जाऊन बघितलंय. तिथं काहीच नाही, नुसता कागद. लांब सरकलं की ऊन.

तर एका सकाळी बाई दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून एक चित्र घेऊन आल्या. आमच्या शहरात एक कलामंडळ आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या वर्षीच्या निमंत्रणावर माझं नाव "विशेष आभार" मध्ये येईल. त्या मंडळाचं प्रदर्शन होतं आणि सगळ्या फ्रेमा माझ्याकडं होत्या. बाईंनी पुठ्ठा उघडला. तोच तांब्या, शेजारी अर्धा कापलेला कांदा, खाली विस्कटलेला पांढरा पंचा. दिवस कलतानाचा उजेड डावीकडून आलेला आणि तांब्याची सावली उजवीकडं लांब पसरत कागदाच्या पार कडेपर्यंत गेलेली. सावली काळी नव्हती. जांभळट होती, मध्येच पितळेचा पिवळा तिच्यात उतरलेला. सावली संपते तिथं, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत सही: शकुंतला देशमाने.

"फोटो काढून ठेवला का मोबाईलवर?" मी विचारलं.

"मी चित्र काढते, फोटो नाही. आणि हे बघा, कापाकापी करायची नाही. आहे त्या मापात बसवा."

"बाई, तुमच्या कागदाला मी हात लावीन का?"

बाई बहिणीकडं पूर्णेला गेल्या. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "फ्रेमवाले, सगळ्या फ्रेमा पंधरा बाय वीसच्याच पायजेत. एक लहान एक मोठी असलं नको. स्टेजवरून एकसारखं दिसलं पायजे."

बाईंचं चित्र पंधरा बाय बावीस होतं.

इथं मी काय करायला हवं होतं ते कुणीही सांगेल. फोन करून म्हणायचं, साहेब, एक फ्रेम दोन इंच लांब राहील, तुमचं स्टेज पडणार नाही. पण चाळीस फ्रेमांचं काम, कापून ठेवलेल्या तयार पट्ट्या, आणि मेव्हणे कापून कापून धीट झालेला हात. मी चित्राकडं बघितलं. डावीकडं कांदा होता, तो कापता येत नव्हता. उजवीकडं नुसती सावली. सावलीत काय असतं, असं मी मनात म्हणालो. सही जात होती, पण खाली नावाची चिठ्ठी लागणारच की. पट्टी ठेवली, कटर ओढला. चांगल्या कागदाला कटर लागतो तेव्हा आवाजसुद्धा होत नाही.

निघालेली दोन इंचांची पट्टी जाड, हातकागदाची. असलं पॅकिंग रोज मिळत नाही. शेजारीच एक फोटो तयार होत होता, आत थोडा हलत होता. त्याच्या मागं ती सारली आणि हात झटकले.

प्रदर्शनाच्या दिवशी मी दुसऱ्या रांगेत बसलो. माझ्या चाळीस फ्रेमा एका ओळीत, एका मापात. छाती फुगली होती. बाई पूर्णेहून थेट आलेल्या, मागं कुठंतरी बसल्या होत्या. पाहुणे बाहेरगावचे, मोठे जाणकार. ते तांब्याच्या चित्रापाशी थांबले ते हलेचनात. माईक मागवून घेतला आणि म्हणाले, "ही सावली बघा. कागदात मावतच नाही, अर्ध्यातूनच बाहेर निघून जाते. हे धाडस आहे." टाळ्या पडल्या. सांगायला लाज वाटते, पण त्या टाळ्यांत थोड्या आपल्याही आहेत असं मला वाटून गेलं. धाडस शेवटी माझ्या कटरचं होतं.

मग त्यांनी चित्राखालची चिठ्ठी वाचली. नाव अध्यक्षांच्या सूनबाईंचं.

झालं असं होतं की सूनबाईंचंही एक स्थिरचित्र यादीत होतं, ते पूर्णच झालं नव्हतं. शेवटी चिठ्ठ्या दोन उरल्या, स्थिरचित्र एकच, आणि त्यावर सही नाही, तेव्हा चिठ्ठ्या लावणाऱ्यानं अध्यक्षांच्या घरची चिठ्ठी लावली. इथवर चूकच होती, चूक कुणाचीही होते. सत्काराला बोलावलं तेव्हा सूनबाई स्टेजवर गेल्या त्या पांढऱ्या पडूनच. सासऱ्यांच्या कानाशी लागल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो, मला ऐकू आलं. "बाबा, हे माझं नाही." सासरे फोटोवाल्याकडं बघून हसत म्हणाले, "घे आत्ता. मग बघू."

ही तीन-चार मिनिटं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. चूक होती, तिचं खोटं झालं, आणि ते सगळ्यांसमोर, हारतुऱ्यांसकट, झालं.

बाई उठून पुढं आल्या. छत्री हातात. माईकशिवाय म्हणाल्या, "हे चित्र माझं आहे."

अध्यक्ष अजून हसतच होते. "बाई, बसा. काहीतरी गैरसमज होतोय तुमचा."

"माझा गैरसमज नाही. हा तांब्या माझ्या घरी आहे. याला इथं पोचा आहे."

"बाई, तांब्या कुणाच्या घरी नसतो?"

सभागृह हसलं. मी रागानं लिहितोय ते यासाठी. दोनशे माणसं हसली. त्यातल्या निम्म्यांची पोरं बाईंच्या हाताखालून गेलेली असतील.

"सही आहे माझी त्याच्यावर," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी चित्राकडं बघितलं, पाहुण्यांनी बघितलं. सही नव्हती. मग अध्यक्षांना मी दिसलो. "हे काय, फ्रेमवाले इथंच बसलेत. का हो विठ्ठलराव, तुमच्या हातानं फ्रेम झाली. सही होती का याच्यावर?"

माझ्या तोंडात चिवडा होता. बाई माझ्याकडं बघत होत्या. विनवणी वगैरे काही नव्हती त्यांच्या बघण्यात. पाढा येणाऱ्या पोराकडं बघावं तसं बघत होत्या, की आता हा म्हणणार. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कुठं गेली? आणि सगळ्या परभणीपुढं मला सांगावं लागलं असतं की चित्रकाराचं चित्र मी कापतो. मी चिवडा गिळला आणि म्हणालो, "ध्यानात न्हाई, साहेब."

बाई वळल्या. चित्राच्या जवळ गेल्या, उजव्या कडेला बोट लावलं, आणि सरळ बाहेर पडल्या. अध्यक्षांनी त्याच स्टेजवर ते चित्र पाहुण्यांना भेट देऊन टाकलं. पाहुण्यांनी ते गाडीत ठेवलं. संध्याकाळी सगळ्या ग्रुपांवर फोटो फिरले. खाली अंगठे, फुलं आणि हात जोडलेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर बाई पायरीवर उभ्या.

"तुकडा कुठंय?"

"कसला, बाई?"

"विठ्ठलराव, सावली मी काढलीय. ती कुठं संपते मला माहीत आहे. तुकडा कुठंय?"

मी कचऱ्याचा डबा उपडा केला. त्यात नव्हता. मग पॅकिंगचं आठवलं. फोटो एका म्हाताऱ्या बुवांचा होता, वर्षश्राद्धाला लावायचा, गाव वालूर. मी बाईंना तोंड दाखवू शकत नव्हतो, म्हणून त्यांच्याकडं पाठ करूनच म्हणालो, "आणून देतो." तसंच शटर ओढलं आणि वालूरची गाडी पकडली.

गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवरून उतरवून उघडायचा म्हणजे काय, हे गाडीत बसल्यावर सुचलं. घर सापडलं. बुवांची बायको दारात ज्वारी निवडत बसली होती, लेक आत फॅन दुरुस्त करत होता. मी सांगितलं की फ्रेमीत माझा एक कागद राहिलाय.

"कामून?" म्हातारी म्हणाली. "तुजा कागद माह्या माणसाच्या फोटुत कामून?"

"चुकून गेला, मावशी."

"लगा, हार तरी वाळलाय का त्याचा? आत्ता कुटं टेकलंय ते भितीला. जित्तेपणी एक दिस घरात टिकलं न्हाई, आता टिकलंय तर तुमी उतरायलाव."

लेक बाहेर आला, मला बघून हसला. "आई, घेऊ दे की. पाच मिनिटाचं काम हाय."

फोटो उतरवला. म्हातारीनं आधी त्याच्या पाया पडून घेतलं, मग माझ्या शेजारी बसली, की मी काय काढतोय ते बघायला. मी टेप सोडवली, खिळे काढले, पाठ उचलली. पट्टी तशीच होती. जांभळट सावली, कोपऱ्यात सही. लेकानं वाचलं, "शकुंतला देशमाने."

म्हातारीचे हात थांबले. "कोन ही?"

"मास्तरीण हाय, मावशी. परभणीची."

"माह्या म्हाताऱ्याच्या पाठीमागं बाईचं नाव? आन मी रोज सकाळी उदबत्ती लावायले?"

लेक हसून हसून खाली बसला. मी झालं ते सगळं सांगितलं. कापलं ते, सभेत बोललो ते. का कोण जाणे, त्या म्हातारीपुढं सांगता आलं. तिनं ज्वारीचं सूप बाजूला ठेवून ऐकून घेतलं.

"म्हंजी तिचं नाव तू कापलंस, आन इचारल्यावर न्हाई म्हनलास."

"ध्यानात न्हाई म्हनलो."

"तेच की. न्हाई म्हनायलाबी हिंमत झाली न्हाई तुजी." मग पट्टी हातात घेतली, उन्हात धरली. "हे काय हाय?"

"सावली. तांब्याची."

"चांगली हाय," ती म्हणाली. "थंड वाटायलंय." आणि बुवांच्या मागं सारायला लेकाच्या वहीचा एक कोरा कागद स्वतः फाडून दिला. "ह्याच्यावर कुनाचं नाव न्हाई बग."

पट्टी घेऊन मी थेट अध्यक्षांकडं गेलो. ते दिवाणखान्यात बसले होते. समोर टेबलावर पट्टी ठेवली. सांगितलं, सही होती, मी कापली, हा तुकडा. चित्राच्या कडेला लावला की सावली जुळते.

त्यांनी पट्टी बघितली. त्यांना कळलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मग आता काय करायचं म्हणता?"

"पाहुण्यांना फोन करा. चित्र बाईंचं म्हणून सांगा."

"आणि काय सांगू? आमच्या मंडळाला सून आणि मास्तरीण ओळखू येत नाही म्हणून?"

"हो."

"विठ्ठलराव," ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "एका तांब्यासाठी कशाला इतकं? बाईंचा आपण पुढल्या वर्षी सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं. सन्मानपत्राची फ्रेम तुम्हीच करा."

मी पाहुण्यांचा पत्ता मागितला. दिला नाही. पुन्हा गेलो, तेव्हा साहेब घरात नव्हते. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हाही नव्हते. चप्पल दारात होती. परतताना सूनबाई फाटकापाशी आल्या. म्हणाल्या, "काका, मी त्या दिवसापासून ब्रश धरला नाही." त्यांच्याही हातातलं काहीतरी त्या स्टेजवर कापलं गेलं होतं.

पट्टी बाईंना नेऊन दिली. त्यांनी ती खिडकीपाशी धरून बघितली आणि पुस्तकात ठेवली. मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सावली बरी जमली होती." आणि चहा ठेवला. तांब्या तिथंच होता, पाण्यानं भरलेला, वर पेला.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातले गमतीचे किस्से लिहायला सांगितले होते. वर दोन-तीन लिहिलेत, ते त्यांनी गोड मानून घ्यावेत. बाकीचं मी सभागृहातल्या त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहितोय, कारण हा अंक परभणीत घरोघर जातो आणि कदाचित पाहुण्यांपर्यंतही जाईल. पाहुणेसाहेब, तुमच्या भिंतीवर पोचा पडलेल्या तांब्याचं चित्र असेल तर ते शकुंतला देशमाने यांचं आहे. त्याच्यावर सही होती. माझ्या चांगलं ध्यानात आहे. सावली कागदाबाहेर गेली ते धाडस नव्हे, ते माझं पंधरा बाय वीस. उरलेले दोन इंच बाईंच्या पुस्तकात आहेत. चित्र पाठवा, मी जोडून देतो, जोड दिसेल अशा तऱ्हेनं.

मधल्या काळात बाई एकदा दुकानात आल्या. नवीन चित्र होतं. मी पट्ट्या खाली ठेवल्या, हात पुसले आणि म्हणालो, "बाई, जेवढा कागद तेवढी फ्रेम. सूतभरसुद्धा कमी नाही." उस्मानभाईंचा फोटो वरून बघत होता.

"तुम्ही नाही कापणार, माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण फ्रेमवाले काय तुम्ही एकटेच आहात?"

त्यांनी पुठ्ठा उघडला. तोच तांब्या, तोच पोचा, शेजारी या वेळी दोन पेरू. मी सवयीनं उजव्या कोपऱ्यात सही शोधली. नव्हती. डाव्यातही नव्हती. मग दिसली. तांब्याच्या पोटावर, अगदी मधोमध, जिथं कटर पोचणार नाही अशा ठिकाणी. नखाएवढी जी जागा त्या उजेडासाठी कोरी सोडायच्या, तिथं काळ्या शाईत बारीक अक्षरांत पूर्ण नाव होतं.

मी लांब सरकून बघितलं. तिथं आता ऊन पडत नव्हतं.